दोनशे सहा शिंपले

माझा धाकटा भाऊ महेंद्र ऑगस्टमध्ये गेला. कोकणात, समुद्राकाठच्या एका लहानशा संशोधन केंद्रात तो काम करत होता. ताप आला, तपासणीत लेप्टो निघाला आणि पाच दिवसांत सगळं संपलं. एकोणतीस वर्षांचा होता.

त्याचं सामान आठवडाभरानं टेम्पोतून माझ्याकडे सावेडीत आलं. एक गादी, दोन बॅगा, पुस्तकांची पोती आणि मासे पाठवायला वापरतात तसला थर्माकोलचा मोठा खोका, चिकटपट्टीनं बंद केलेला. बॅगा मी उघडल्या. खोका उघडला नाही. त्याला खारट, कुबट वास येत होता म्हणून तो गॅलरीत ठेवला आणि वर जुनी चादर टाकली.

मी सावेडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. लग्न झालं होतं, टिकलं नाही. दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायचे. महेंद्रचा जलदानाचा कार्यक्रम कर्जतच्या घरी झाला आणि त्यानंतर आई आणि अण्णा माझ्याकडे आले. 'येनाऱ्या-जानाऱ्यांला त्येच त्येच सांगून जीव दमला,' एवढंच आई म्हणाली.  अण्णा गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे, खोक्याच्या शेजारी. सकाळी बसले की जेवायलाच उठायचे.

मला वाटलं होतं की मी रडेन. कार्यक्रमात बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या तेव्हा मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. शाळेत पंधरा दिवसांनी रुजू झाले. सातवीला पेशी शिकवली, आठवीला चुंबकत्व. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही फार धीराच्या आहात." धीर वगैरे काही नव्हतं. दाढ काढल्यावर गाल आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही, तसं माझ्या सगळ्या अंगाचं झालं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात डॉ. पंकजा तांडेल यांचा फोन आला. त्या महेंद्रच्या मार्गदर्शक. आधी त्यांच्याशी एकदाच बोलणं झालं होतं, तो गेला त्या दिवशी.

"वृषाली, एक चूक झालीय आमच्याकडून," त्या म्हणाल्या. "महेंद्रच्या सामानाबरोबर त्याचे नमुने तुमच्याकडे आलेत. थर्माकोलच्या खोक्यात. दोनशे सहा शिंपले आहेत."

"गॅलरीत आहे तो खोका. पाठवून देते."

"पाठवाल ते बरोबरच आहे. पण अडचण अशी की..." त्या थांबल्या. "आमची इमारत पाडणार आहेत. इथला सगळा संग्रह मोठ्या संग्रहालयात जातोय, पंधरा नोव्हेंबरच्या आत. ते फक्त ओळख पटलेले, लेबल लावलेले नमुने घेतात. कोणता शिंपला कुठे, कधी सापडला त्याची वही माझ्याकडे आहे. पण ओळख पटवायचं काम महेंद्रचं राहिलं होतं. मी एकटीच उरलेय इथे. आधीच्या चार मुलांचं काम माझ्याच टेबलावर पडलंय."

"नाही झालं तर?"

"तर नोंदीत येणार नाहीत. नुसते शिंपले राहतील."

मी म्हणाले, "मी करते."

का म्हणाले ते सांगता येणार नाही. दिवाळीची सुट्टी लागत होती, हे एक. बी.एस्सी.ला माझा प्राणिशास्त्र विषय होता, पण शिंपल्याची मला फक्त एक आकृती आठवत होती, परीक्षेपुरती. मॅडमनी फार विचारलं नाही. त्यांना नाही म्हणणं परवडण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी माझ्या मोबाईलवर शिंपले ओळखायची चौदा पानं पाठवली. प्रत्येक पायरीला एक प्रश्न, उत्तर हो असेल तर इकडे जा, नाही असेल तर तिकडे. खाली आकृत्या.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी मी खोका आत ओढला. अण्णांनी खुर्चीचे पाय उचलून मला वाट करून दिली. आत वर्तमानपत्रांचे तुकडे आणि त्यांत गुंडाळलेले शिंपले होते. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला काळ्या शाईनं बारीक नंबर घातला होता. महेंद्रचा सात मला ओळखू आला, मध्ये आडवी रेघ मारलेला. लहानपणापासून तो सात तसाच काढायचा.

मी टेबलावर जेवणाची चार ताटं मांडली.

काम समजायला दीड दिवस गेला. हे सगळे शिंपले एकाच कुळातले किंवा त्याच्या भावकीतले होते. मुख्य दोन गट. एक खरा मोत्याचा शिंपला, शास्त्रात त्याला पिंक्टाडा म्हणतात. गोलसर, थोराड, आतून चकचकीत. त्याचे दोन भाग जिथं जोडलेले असतात ती बिजागरीची सरळ रेघ आखूड असते आणि रेघेच्या दोन टोकांना लहानसे कान. दुसरा टेरिया, पंखवाला. त्याची बिजागरी लांबलचक असते आणि मागचा कान असा बाहेर निघतो की वाटावं पाखरानं एक पंख ताणलाय. हे पंखवाले समुद्राच्या तळाशी पंख्यासारखी प्रवाळं असतात, त्यांच्या फांद्यांना लटकून वाढतात, आणि मच्छीमारांच्या जाळ्यातून फांदीसकट वर येतात. त्याखेरीज दोन दूरचे नातेवाईक. एकाच्या बिजागरीवर फणीच्या दातांसारख्या खाचा ओळीनं असतात, तर दुसरा थेट हातोडीच्या आकाराचा.

हातोडीवाले चार निघाले. फणीवाले एकोणीस. ते सोपं होतं.

घोळ झाला तो तुटक्यांचा. काही शिंपले गोल दिसत होते पण पातळ होते, एका बाजूला कड फुटलेली. मी ते गोलांच्या ताटात टाकले आणि फोटो मॅडमना पाठवले. लगेच फोन आला.

"कडेवर जाऊ नका. कड पहिल्यांदा तुटते. टेरियाचा पंख जाळ्यातच मोडतो बहुतेक वेळा. पाठीवर वाढीच्या रेघा असतात बघा, झाडाच्या खोडात असतात तशा. त्या मागच्या टोकाशी कशा वळतात?"

मी शिंपला खिडकीशी नेला. रेघा मागच्या बाजूला एकदम आत वळून पुन्हा बाहेर गेल्या होत्या, बिजागरीच्या दिशेनं, आणि जिथं कड फुटली होती तिथं अर्ध्यातच संपल्या होत्या.

"बाहेर जातायत," मी म्हणाले.

"मग पंख होता. टेरियात ठेवा."

असे बावीस निघाले. पंखवाल्यांचं ताट भरलं, दुसरं घ्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गोलांचं ताट घेऊन बसले होते. मोठे वेगळे काढून झाले होते, त्यांच्यातला काळ्या ओठाचा, म्हणजे आतल्या चकाकीची कड काळपट असलेला, सहज ओळखू येत होता. उरले होते त्रेचाळीस लहान. रुपयाच्या नाण्याएवढे, काही त्याहून थोडे मोठे. सगळे मळकट तपकिरी. मी ते सगळे एकाच नावाखाली लिहिले होते, पिंक्टाडा फ्युकाटा, आपल्या समुद्रात नेहमी सापडणारा मोत्याचा शिंपला. मॅडमनी फोटो बघून "ठीक" असा निरोप पाठवला होता.

आई समोर मेथी निवडत होती. तिची जुडी संपली तरी ती उठली नाही.

"काय निवडती गं येवढं?" तिनं विचारलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"महेंद्रचे शिंपले आहेत आई. कोणता कुठल्या जातीचा ते बघायचंय."

"हां." तिनं हात पदराला पुसला आणि ताटातला एक उचलला. उलटा केला, सुलटा केला, आत अंगठा फिरवला. ठेवला. दुसरा उचलला. मी यादी लिहीत होते, माझं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं बघितलं तर तिनं ताटाच्या कडेला नऊ शिंपले वेगळे काढून ठेवले होते.

"आई, ते मिसळू नको. माझं झालंय ते ताट."

"ही न्हाईत त्यातली."

"त्यातलेच आहेत. मॅडमनी बघितलेत."

"बगू दे की बघितली तर. ह्यांला दात हाईत, ह्यांला न्हाईत." तिनं माझा हात धरला, माझा अंगठा एका शिंपल्याच्या बिजागरीवर ठेवला आणि दाबला. टोकाला लहानसं काहीतरी टोचलं, बाजरीच्या कणीएवढं. मग दुसऱ्या शिंपल्यावर ठेवला. गुळगुळीत. "डोळ्यानं न्हाई कळत. तू डोळ्यानं बघती."

मी मोबाईलवरची पानं पुन्हा काढली. सहाव्या पानावर दोन नंबरचाच प्रश्न होता: बिजागरीवर दात आहेत का? हो असेल तर फ्युकाटा आणि त्याचे जवळचे. नसेल तर काळ्या ओठाचा. मी तो प्रश्न मोठ्या शिंपल्यांना विचारला होता. लहानांना विचारलाच नव्हता, कारण ते सगळे सारखे दिसत होते. ते नऊ काळ्या ओठाच्या जातीची पोरं होती, ओठ काळा व्हायच्या आधीच मेलेली.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"कळायला काय? हुलग्यातला खडा कसा कळतो?" ती मेथीच्या काड्या गोळा करून उठली. दारात थांबली. "लई बारीक काम करीत हुता म्हनायचं."

मग ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला. मी उठून गेले नाही. नळ बंद झाल्यावर तिनं भाजीला फोडणी दिली.

त्यानंतर ती रोज दुपारी येऊन बसायची. मी नाव सांगायचे, ती अंगठ्यानं बघायची. बोलणं एवढंच: "हाय", "न्हाई", "ह्येचा अर्धा झिजलाय, सांगता येत न्हाई." सांगता येत नाही असे तीन होते. त्यांच्यापुढं मी प्रश्नचिन्ह लिहिलं. मॅडम म्हणाल्या, प्रश्नचिन्ह चालतं, खोटं नाव चालत नाही.

सहाव्या दिवशी यादी पूर्ण झाली. आता लेबलं. मॅडमनी बजावलं होतं की प्रिंटरवर काढायची नाहीत, ती शाई काही वर्षांत उडते. जाड कागदावर पक्क्या काळ्या शाईनं हातानं लिहायची. दोन बोटं रुंद, चार बोटं लांब कागद, त्यावर चार ओळी. नंबर, नाव, ठिकाण आणि तारीख, गोळा करणारा. सगळं इंग्रजी अक्षरांत. ठिकाणं आणि तारखा त्यांनी वहीवरून मला कळवल्या होत्या. मी कापडबाजारातल्या एका जुन्या दुकानातून शाई आणली, टाक आणला, आणि पहिल्या पाच लेबलांवर पाच डाग पाडले.

"असं न्हाई."

अण्णा गॅलरीच्या दारात उभे होते.

अण्णांबद्दल सांगायला हवं. त्यांचं नाव रंगनाथ भिंगारदिवे. कर्जतमध्ये आणि आसपासच्या गावांत तीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. खताची दुकानं, दवाखाने, शाळांच्या भिंती, टेम्पोच्या मागची वाक्यं, विहारावरची अक्षरं. इंग्रजी त्यांना बोलता येत नाही, पण इंग्रजी अक्षर ते असं काढतात की कॉलेजच्या प्राचार्यांनी फाटकावरची पाटी त्यांच्याकडूनच करून घेतली होती. मग फ्लेक्स आले आणि ब्रश पेटीत गेले. त्यांची इच्छा होती की महेंद्रनं स्पर्धा परीक्षा द्यावी, साहेब व्हावं. महेंद्र दोन वर्षं पुण्यात क्लासला गेला आणि एक दिवस ते सोडून कोकणात निघून गेला. अण्णा तेव्हा म्हणाले होते, "पोरगं दर्यावर शिंपलं येचतंय, असं सांगू व्हय मी लोकांला?"  चौदा एप्रिलला तो जयंतीसाठी घरी आला होता तेव्हा तेच पुन्हा झालं, या वेळी चार लोकांसमोर. त्यानंतर दोघं बोलले नव्हते.

"टाक आडवा धरतीस तू," अण्णा म्हणाले. "उभा धर. आन् शाई झटकून घे."

मी पुन्हा प्रयत्न केला. सहावा डाग.

त्यांनी खुर्ची आत ओढून आणली. बसले. टाक घेतला, शाईत बुडवला, दौतीच्या काठाला दोन वेळा टेकवला. "काय ल्ह्यायचं?"

मी यादी पुढं सरकवली. त्यांनी पहिला नंबर लिहिला. त्याखाली नाव.   अक्षरं ज्वारीच्या दाण्याएवढी, एका उंचीची.

"ह्येचा अर्थ काय हुतो?" त्यांनी टेरिया या शब्दावर बोट ठेवलं.

"पंख. पंख असलेला."

"आन् ह्ये दुसरं?"

"ते पक्ष्याचं नाव आहे. पेंग्विन. काळा असतो म्हणून ठेवलंय."

त्यांनी मान हलवली. ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली. चौथ्या ओळीवर थांबले. यादीत मी 'एम. आर. भिंगारदिवे' असं लिहिलं होतं, मॅडमनी सांगितलेल्या पद्धतीनं.

"एम. आर. कशापायी? नाव न्हाई का त्याला?"

"जागा कमी आहे अण्णा. पद्धत तशीच आहे."

"जागा मी बघतो."

आणि त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. महेंद्र रंगनाथ भिंगारदिवे. इंग्रजीत ते फार लांब होतं. त्यांनी ते कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बरोब्बर बसवलं, आणि लेबल वाळायला बाजूला ठेवून दुसरं घेतलं.

मी शिंपले एकेका पिशवीत भरत होते. ते लिहीत होते. तासाभरात एक लय आली: मी नंबर वाचायचे, ते लिहायचे, आई वाळलेलं लेबल उचलून पिशवीत सरकवायची.  मला आठवतंय की मला तेव्हा बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं. नंबर वाचले जात होते.

त्रेसष्टाव्या लेबलाला त्यांचा टाक थांबला. तीन ओळी लिहून झाल्या होत्या. चौथी मोकळी होती.

"अण्णा?"

"हात थांबला," ते म्हणाले. जणू हात दुसऱ्या कुणाचा होता. टाक पुसून ठेवला, चप्पल घातली आणि जिना उतरून गेले.

आई खिडकीशी उभी राहिली. "गेल्तं तसं येतील," ती म्हणाली. तासाभरानं आले.  बेसिनवर हात साबणानं धुतले, कोपरापर्यंत, कामावरून आल्यावर पूर्वी धुवायचे तसे. खुर्चीवर बसले आणि चौथी ओळ लिहिली. त्या दिवशी नव्वद झाली, दुसऱ्या दिवशी उरलेली एकशे सोळा. दोनशे सहा वेळा त्यांनी ते नाव लिहिलं. एकाही लेबलावर डाग नव्हता.

खोका कुरिअरनं पाठवायचं ठरलं होतं. चिकटपट्टी लावताना अण्णा म्हणाले, "मी घिऊन जातो."

"एवढ्या लांब?"

"एस्टी जाती की."

मग आम्ही तिघंही गेलो. पुण्यात माझ्या मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या सकाळी निघून दुपारी दोनच्या सुमाराला पोहोचलो. सगळा वेळ खोका अण्णांच्या मांडीवर होता. कंडक्टरनं वर ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले. तो पुढं गेला.

केंद्र म्हणजे कौलारू छपराची एक बैठी इमारत होती. अर्धी कपाटं रिकामी, व्हरांड्यात खोक्यांची चळत. डॉ. तांडेल पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी आईला नमस्कार केला, अण्णांना केला, पाणी दिलं आणि मग खोका उघडून कामाला लागल्या. सांत्वन वगैरे केलं नाही. मला ते बरं वाटलं.

दोन तास त्या एकेक पिशवी उघडून शिंपला हातात घेऊन बघत होत्या. आम्ही बाकावर बसलो होतो. नऊ लहानांच्या गठ्ठ्याशी त्या थांबल्या.

"हे नऊ कुणी वेगळे काढले? फोटोत तर मी सगळे एकच म्हटले होते."

"म्या," आई म्हणाली.

मॅडमनी बिजागरीवरून नख फिरवलं, एकाचं, दुसऱ्याचं, नऊही शिंपल्यांचं. "बरोबर आहे." त्यांनी नोंदवही पुढं ओढली. त्यात ओळख पटवणाऱ्याच्या नावाचा एक रकाना होता. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

"गीताबाई रंगनाथ भिंगारदिवे. कशाला पन?"

"लिहावं लागतं."

शेवटी त्यांनी अकरा पिशव्या बाजूला काढल्या. "एवढे चुकलेत. हे फ्युकाटा नाहीत. फुगवटा बघा, जवळजवळ नाहीच. मागचा कानही नावालाच आहे. हा सुजिलाटा, त्याच्या जवळचा. आकृतीवरून ओळखणं कठीणच असतं, शेकड्यांनी बघितल्यावर हाताला कळतं." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोनशे सहात अकरा म्हणजे फार कमी आहेत. लेबलं मी बदलून टाकते."

"शाई हाय का?" अण्णांनी विचारलं.

त्यांना खिडकीपाशी टेबल मिळालं. अकरा कोरे कागद मिळाले. नवीन नाव त्यांनी आधी एका कपट्यावर दोनदा काढून बघितलं, मग लिहायला बसले. मॅडम उभ्या राहून बघत होत्या. पाचव्या लेबलानंतर अण्णांनी मान वर न करता विचारलं, "आमच्याबद्दल काय म्हनायचा का त्यो?"

 मॅडम खोटं सांगू शकल्या असत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "घरचं फार बोलायचा नाही. कामाचंच बोलायचा."

"हां," अण्णा म्हणाले आणि सहावं लेबल घेतलं.

निघताना मॅडमनी विचारलं, त्याची खोली बघायची आहे का. ती अजून कुणाला दिलेली नव्हती. आई माझ्याकडे बघायला लागली. अण्णा म्हणाले, "नगं. गाडी चुकल." गाडीला अजून बराच वेळ होता. मॅडमनी आग्रह केला नाही. फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या की संग्रहालयाची पोच आली की कळवते.

त्या रात्री आम्ही स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो आणि सकाळी सहाच्या गाडीत बसलो. अण्णा खिडकीशी, मी मध्ये, आई पलीकडे. आईला लगेच झोप लागली. घाट सुरू व्हायच्या आधी अण्णांनी खिशातून मोबाईल काढला, साधा, बटणांचा. काहीतरी शोधून माझ्यापुढं धरला.

"ह्ये बघ."

न उचललेल्या फोनची यादी होती. महेंद्रचं नाव. एकोणीस ऑगस्ट, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. त्याला ताप आला त्याचा दुसरा दिवस.

"वाजत हुता," अण्णा म्हणाले. "हातात हुता माज्या. म्या न्हाई उचलला."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होते.

"मला वाटलं, त्यानं आजून एकदा करावा. दुसऱ्यांदा केला की उचलू." ते थांबले. "न्हाई केला."

काहीतरी बोलायला हवं होतं. 'तुमची चूक नाही' असं म्हणता आलं असतं. पण मी आठ दिवस प्रश्नाला हो की नाही एवढंच उत्तर देत होते, आणि यातलं कुठलंच उत्तर मला खरं वाटेना. मी त्यांच्या हातातून मोबाईल घेतला, बंद केला आणि त्यांच्या खिशात परत ठेवला. मग त्यांचा हात धरला. बोटांना अजून शाई होती. लहानपणी त्यांच्या बोटांना रंग असायचा, तेव्हाही धुतला तरी जायचा नाही. त्यांनी हात काढून घेतला नाही.

"आईला सांगितलंय?" मी विचारलं.

"न्हाई."

"सांगू?"

 गाडी पहिल्या वळणावर चढली.

"मीच सांगन," ते म्हणाले. "घरी गेल्याव. कर्जतला."

म्हणजे ते कर्जतला परत जाणार होते. हे मला तेव्हाच कळलं, आणि पुढच्या रविवारी ते दोघं खरंच गेले.

गाडी घाट चढत होती. मला पोटात काहीतरी हललं असं वाटलं, आणि ते काय आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. मला भूक लागली होती. मी आईला हलवून उठवलं आणि विचारलं, पिशवीत काय आहे. तिनं डोळे न उघडताच गाठ सोडली, भाकरी काढली, तिचे तीन तुकडे केले आणि आमच्या हातावर ठेवले.